यूव्ही दिव्याखाली ठेवलेला मास्क परत वापरता येतो का? खरेदी करण्याआधी हे वाचा

उल्हासनगर कॅम्प ४ (प्रतिनिधी) : कोरोना गेला, पण त्या काळात घेतलेल्या वस्तू घराघरांत पडून आहेत. त्यातलीच एक म्हणजे निळा-जांभळा उजेड देणारी यूव्ही पेटी. मोबाईल, चाव्या, नोटा, मास्क, काहीही आत ठेवा, पाच मिनिटांत जंतू साफ, अशी तिची जाहिरात असायची. विठ्ठलवाडी स्टेशनवर उतरून श्रीराम चौक, लालचक्कीकडे बाजाराला येणारी आपल्या अंबरनाथ, मुरबाड, कल्याण ग्रामीणची मंडळी अजूनही विचारतात की या पेटीत एन-९५ मास्क ठेवला तर तो परत वापरायला चालतो का. ज्यांच्या घरात टीबीचा पेशंट आहे किंवा ज्यांना रोज धुळीत काम आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न पैशाचाही आहे आणि जिवाचाही.

उत्तर आधीच सांगतो. यूव्ही-सी किरणांनी मास्कवरचे जंतू निकामी होतात ही गोष्ट खरी आहे, शास्त्रीय आहे, आणि मोठ्या दवाखान्यांनी ती करूनही दाखवली आहे. पण ते काम घरातल्या पेटीत भरवशाने होत नाही. का होत नाही, ते नीट समजून घेऊ.

यूव्ही म्हणजे नेमकं काय

सूर्याच्या उजेडात आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरणही असतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, म्हणून त्यांना मराठीत अतिनील किरण म्हणतात. त्यांचे तीन प्रकार आहेत. यूव्ही-ए आपल्यापर्यंत सगळ्यात जास्त पोहोचतो. यूव्ही-बी थोडा पोहोचतो, शेतात काम करताना कातडी करपते ती मुख्यतः याच्यामुळे. तिसरा यूव्ही-सी, जंतूंसाठी सगळ्यात घातक. तो वरच्या हवेतल्या ओझोनच्या थरातच अडतो, जमिनीपर्यंत येतच नाही. म्हणून मास्क अंगणात दोरीवर वाळत घातला की यूव्ही-सी मिळाला, असं समजू नये. उन्हाने मास्क कोरडा होतो, वरवरचे काही जंतूही मरतात, पण आतल्या थरात काय राहिलं याची खात्री नाही.

यूव्ही-सी हवा असेल तर दिवा लागतो. दवाखान्यात वापरतात ती नळी पाऱ्याच्या वाफेची असते आणि २५४ नॅनोमीटर लांबीची लहर सोडते. आपल्या घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये यूव्ही म्हणून जी छोटी ट्यूब असते, ती याच जातीची. हे किरण जंतूच्या आत शिरून त्याच्या जनुकांची साखळी बिघडवतात. साखळी बिघडली की त्याला स्वतःची नक्कल काढता येत नाही. बियाणं दिसायला अख्खं, पण उगवणशक्ती गेलेली, तसा प्रकार.

ही कल्पना काही कोरोनात निघालेली नाही. उजेडाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ सालीच दाखवलं होतं. कातडीच्या टीबीवर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं. टीबीच्या वॉर्डात छताजवळ यूव्ही दिवे लावायची पद्धतही जुनीच आहे.

२०२० मध्ये मास्क परत वापरायची वेळ का आली

मार्च २०२० आठवा. एन-९५ मिळत नव्हता, मिळाला तर काळ्या बाजारात. राज्य सरकारला पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये भाव बांधून द्यावे लागले, एन-९५ ला १९ ते ४९ रुपये, तीन थरी मास्कला ४ आणि दोन थरीला ३. त्याआधीच्या काही महिन्यांत डॉक्टर-नर्सनासुद्धा एकच मास्क किती दिवस वापरायचा हा प्रश्न होता.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या विद्यापीठाच्या दवाखान्याने याच काळात एक पद्धत बसवली. एका खोलीत तारा बांधल्या, त्यावर मास्क टांगले आणि दोन्ही बाजूंना यूव्हीचे उंच दिवे उभे केले. प्रत्येक मास्कवर ज्याचा त्याचं नाव, म्हणजे परत जाताना त्याच माणसाकडे जाईल. किती मात्रा मिळाली ते मोजायला मीटर होता. मास्क टेबलावर पसरून न ठेवता तारेवर का टांगले आणि दिवे दोन्ही बाजूंना का, याचं कारण पुढे येईलच.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डने एप्रिल २०२० मध्ये यूव्हीची एक खोली तयार केली. एका मोठ्या सामायिक खोलीला आतून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे मारले आणि यूव्ही-सी दिवे बसवले. हत्यारं, कपडे, बारीकसारीक वस्तू तिथे निर्जंतुक व्हायच्या. उरणजवळच्या करंजा नौदल तळावरही तशीच सोय झाली, तिथे यूव्हीसोबत लहान वस्तू ६० अंशांपर्यंत तापवणारी भट्टी होती. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचाच का? कारण स्टीलपेक्षा तो यूव्ही-सी कितीतरी जास्त परत फेकतो. बाजारातल्या साध्या पेट्यांना आतून पांढरा प्लास्टिक रंग असतो, तो हे किरण बहुतेक गिळून टाकतो.

आणि एक गोष्ट तर आपल्या ठाणे जिल्ह्यातली. इंद्रा वॉटर नावाची मुंबईची स्टार्टअप कंपनी, मुळात पाणी शुद्धीकरणात काम करणारी. त्यांनी आपलं तंत्र बदलून ‘वज्रकवच’ नावाचं यंत्र तयार केलं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पैशाची मदत केली, आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या केंद्राची साथ होती. पीपीई किट आणि एन-९५ मास्क त्यात ठेवून परत वापरण्याजोगे करायचे. आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान विभागात चाचणी झाली आणि लाखातला एखादाच जंतू उरेल इतका, म्हणजे ९९.९९९ टक्के, परिणाम नोंदवला गेला. जून २०२१ मध्ये सरकारने ही माहिती दिली तेव्हा भिवंडीच्या कारखान्यात महिन्याला २५ यंत्रं तयार होत होती. आता यातली मेख लक्षात घ्या. या यंत्रात नुसता यूव्ही नव्हता. ऑक्सिडेशन, कोरोना डिस्चार्ज (नाव सारखं असलं तरी विजेचा प्रकार आहे, रोगाशी संबंध नाही) आणि त्यानंतर यूव्ही-सी, असे टप्पे होते. तज्ज्ञ मंडळींनासुद्धा एकट्या दिव्यावर सोडावंसं वाटलं नाही, ही गोष्ट पाच मिनिटांच्या पेटीवाल्यांना सांगण्यासारखी आहे.

मात्रेचा हिशोब : ठिबकासारखा

यूव्हीचं सगळं गणित मात्रेवर आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ठिबकातून तासाला किती लिटर पडतं, गुणिले किती तास सोडलं, इतकं पाणी झाडाला मिळालं. यूव्हीचंही तेच. मास्कवर किती जोराने किरण पडतात, गुणिले किती सेकंद. ही मात्रा ज्यूलमध्ये मोजतात.

गुळगुळीत काचेवर किंवा स्टीलवर पडलेल्या कोरोना विषाणूला निकामी करायला एका चौरस सेंटीमीटरला काही मिलीज्यूल पुरतात. पण एन-९५ साठी २०२० मध्ये तज्ज्ञांनी जी मात्रा सांगितली ती निदान १ ज्यूल, म्हणजे १००० मिलीज्यूल, आणि तीही प्रत्येक बाजूला. शेकडो पट जास्त. कारण मास्क म्हणजे काच नव्हे. तो बारीक धाग्यांचे थर एकावर एक घालून केलेला असतो, जंतू आत अडकलेला असतो आणि प्रत्येक थर थोडे थोडे किरण खातो. आतपर्यंत पोहोचतो तो उरलासुरला उजेड.

समजा मास्कच्या जागी १ मिलिवॅट जोर पडतोय. मग १००० सेकंद लागतील, साधारण १७ मिनिटं, एका बाजूला. दिवा जुना असेल, त्यावर धूळ असेल आणि जोर निम्माच असेल, तर ३३ मिनिटं. पाच मिनिटांच्या पेटीत १ मिलिवॅटने मिळतात ३०० मिलीज्यूल, म्हणजे तिसरा हिस्साही नाही. आणि पेटीत नेमका किती जोर आहे हे कोण मोजणार? यूव्ही-सी मीटर घरी कुणाकडे नसतो. उजेड डोळ्याला झगझगीत दिसला म्हणून जोर जास्त, असंही नाही, कारण यूव्ही-सी डोळ्याला दिसतच नाही. जो निळा दिसतो तो सोबतचा साधा उजेड.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक जांभळ्या एलईडी पट्ट्या आणि बॅटऱ्या तर ३९५ नॅनोमीटरच्या आसपासच्या असतात. त्या यूव्ही-ए जातीच्या, खोट्या नोटा ओळखायच्या कामाच्या. त्याखाली मास्क रात्रभर ठेवला तरी निर्जंतुक झाला असं म्हणता येणार नाही. वस्तूवर नॅनोमीटरचा आकडा लिहिलेलाच नसेल तर ती ठेवून द्या.

सावलीत जंतू वाचतो

आपण नुसतं अंगावर पडून जाळणारं तणनाशक मारतो तेव्हा जिथं थेंब पडतो तिथलंच पान जळतं, मोठ्या पानाखाली दडलेलं तण हिरवंगार राहतं. यूव्ही अगदी तसाच. समोर जे आहे त्यावरच काम. मास्कची घडी, नाकावरच्या पट्टीखालची जागा, कडेची शिवण, सगळीकडे सावली. रबरी किंवा कापडी पट्टे गोल फिरतात, त्यांच्यावर नीट किरण पडत नाहीत, म्हणून दवाखान्यांना पट्टे वेगळ्या जंतुनाशकाने पुसावे लागत. नेब्रास्कामध्ये तारेवर टांगून दोन्हीकडून दिवे लावले ते याचसाठी. पेटीत मास्क तळाला ठेवला आणि दिवा फक्त वर असला तर खालची बाजू जशीच्या तशी.

आणखी एक. यूव्ही-सी साध्या काचेतून जात नाही, बहुतेक प्लास्टिकमधूनही नाही. कुणी मास्क पारदर्शक पिशवीत घालून पेटीत ठेवत असेल तर ते वायाच. घाम, तेल, चेहऱ्याची क्रीम, तंबाखूचे डाग, ओली माती, यातलं काहीही मास्कवर असेल तर त्याखाली जंतू सुखरूप. म्हणून मळलेला मास्क निर्जंतुक करायच्या भानगडीत पडायचंच नाही, असा दवाखान्यांचाही नियम होता.

मास्कचं काय होतं

एन-९५ ची ताकद त्याच्या मधल्या थरात असते. तो पॉलिप्रॉपिलीनच्या अतिबारीक धाग्यांचा असतो आणि त्यावर विजेचा भार दिलेला असतो. केसावर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे धागे बारीक कण ओढून धरतात. हा भार साबणाने, स्पिरिटने, सॅनिटायझरने उतरतो. म्हणून एन-९५ धुवायचा नाही, त्यावर सॅनिटायझर फवारायचं नाही. धुतलेला एन-९५ दिसतो छान, पण काम साध्या कापडासारखं करतो. या बाबतीत यूव्ही बरा, योग्य मात्रेत तो भार उतरवत नाही.

पण जास्त मात्रेत तो धागेच कुजवतो. शेततळ्याचा किंवा नर्सरीचा साधा प्लास्टिक कागद दोन उन्हाळ्यांत कसा कडक होऊन फाटतो, पाहिलंय ना? अमेरिकेच्या निओश या संस्थेने २०१५ मध्ये मास्कवर १२० ते ९५० ज्यूलपर्यंत मारा करून पाहिला. गाळण्याच्या कामात फरक थोडाच पडला, मात्र काही मास्कच्या थरांची मजबुती ९० टक्क्यांहून जास्त घटली. ही मात्रा एका वेळच्या मात्रेच्या शंभरपटीहून जास्त आहे हे खरं, तरी मर्यादा आहे एवढं कळतं.

आणि पट्टा सैल पडतो तो वेगळाच. मास्क नाकागालाला घट्ट बसला नाही तर हवा फटीतून जाते, मग तो कितीही निर्जंतुक असो. अमेरिकेच्या सीडीसीने टंचाईच्या काळातसुद्धा एक एन-९५ पाच वेळांपेक्षा जास्त चढवू नका, असं सांगितलं होतं. टंचाई संपली तशी जून २०२१ अखेर तिथल्या औषध प्रशासनाने मास्क निर्जंतुक करून वापरायच्या यंत्रांची तातडीची परवानगीच काढून घेतली. नवा मिळतोय तर जुना कशाला, हा त्यामागचा सरळ विचार.

डोळे आणि कातडी

हे सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याच्या फिल्टरची ट्यूब काढून, डब्याला पत्रा लावून घरी यूव्ही पेटी करायचे व्हिडिओ फिरतात. उघड्या यूव्ही-सी दिव्याकडे थोडा वेळ पाहिलं तरी डोळ्याला वेल्डिंगचा चटका लागतो तसाच चटका लागतो. उल्हासनगर-अंबरनाथच्या फॅब्रिकेशनवाल्यांना हे सांगायला नको. त्या वेळी काही वाटत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं, पण डोळे चोळू नका आणि डॉक्टरांना दाखवा. मनाने थेंब टाकू नका. कातडीही लाल होते. हात निर्जंतुक करायला यूव्ही वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. काही दिव्यांतून ओझोन वायूही निघतो, उग्र वास येतो, त्याने छाती भरते.

मग आपण काय करायचं

घरात टीबीचा पेशंट असेल तर पेशंटने साधा तीन थरी मास्क लावायचा, तो वापरून टाकून द्यायचा. शुश्रूषा करणाऱ्याने एन-९५. टीबीच्या बाबतीत स्वतःचा एन-९५ स्वतःच परत वापरायला चालतो, जोवर तो कोरडा, अख्खा, स्वच्छ आणि चेहऱ्याला घट्ट आहे तोवर. त्यासाठी यूव्हीची गरज नाही. कागदी पिशवीत, नाव टाकून, हवेशीर जागी ठेवायचा. प्लास्टिक पिशवीत ठेवला तर दमट होतो. दुसऱ्याचा वापरायचा नाही, नवरा-बायकोचाही नाही. मास्कइतकंच महत्त्व उघड्या खिडकीला आहे, आणि पेशंटची गोळी चुकू नये याला तर त्याहून जास्त. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

सर्दी-फ्लूच्या साथीत वापरायला तीन-चार एन-९५ घेऊन आलटून पालटून वापरावेत. एक वापरला की कागदी पिशवीत निदान पाच दिवस पडू द्यायचा, तोवर बाकीचे. नुसत्या वेळेनेच विषाणू मरतो. वीज लागत नाही, डोळे जात नाहीत. एका यूव्ही पेटीच्या पैशात किती एन-९५ येतात, हा भागाकार दुकानातच उभं राहून करावा. कापडी मास्क मात्र खुशाल साबणाच्या पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. झडप असलेला मास्क समोरच्याला वाचवत नाही, त्यातून आपला श्वास तसाच बाहेर पडतो. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्येच राज्यांना तसं पत्र लिहिलं होतं.

फवारणीच्या मास्कचं तर बोलूच नका. यूव्ही जंतू मारतो, औषध नाही. कीटकनाशक बसलेल्या मास्कवर दिवा धरून काही होत नाही, आणि मुळात एन-९५ कणांसाठी आहे, औषधाची वाफ तो अडवत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीला औषधाच्या लेबलवर सांगितलेलंच संरक्षण वापरा. जीन्सच्या कारखान्यात, गिरणीत, सिमेंटच्या कामावर मास्क धुळीने भरतो. त्यातली धूळ यूव्हीने निघत नाही. श्वास जड जायला लागला की मास्क संपला.

विकतचा ‘निर्जंतुक’ मास्क घेतानाही डोळे उघडे ठेवा. मे २०२१ मध्ये आपल्याच उल्हासनगरात कोरोना चाचणीच्या स्वॅब काड्या घराघरांत जमिनीवर बसून बायका-मुलं पाकिटात भरत असल्याचा व्हिडिओ फिरला आणि अन्न व औषध प्रशासन, महापालिका धावून आली. त्या गरीब बायकांचा दोष नाही, पोटासाठी करत होत्या. दोष काम देणाऱ्यांचा. त्याआधीच्याच महिन्यात जळगावच्या एमआयडीसीत कापसाऐवजी वापरलेले मास्क गादीत भरताना पोलिसांनी पकडलं होतं. तेव्हा सुटा, पाकिटाविना, कुणी स्वच्छ करून दिलेला मास्क कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

टाकताना मास्क कापून टाका, म्हणजे कुणी उचलून परत विकणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनेप्रमाणे घरातला वापरलेला मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून, मग सुक्या कचऱ्यात द्यायचा. शेतात, ओढ्यात, उल्हास किंवा वालधुनीच्या पात्रात टाकू नका, जनावरं खातात. घरात यूव्हीची जुनी ट्यूब असेल तर तीही कचऱ्यात फोडू नका, आत पारा असतो. फुटलीच तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं त्या खोलीत जाऊ नका. नंतर झाडूऐवजी जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, ओल्या कागदाने जागा पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवाल्याला आत पारा असल्याचं सांगून वेगळं द्या.